मागचा बार जाड केला म्हणून अख्ख्या गाडीची वॉरंटी जात नाही

तापीकाठ

आपल्या जळगाव-धुळ्याच्या गाडीवाल्यांत सध्या एक पोस्ट फिरतेय: "मागचा स्वे बार बदलला की वॉरंटी त्याच दिवशी संपते, इंजिनपासून एसीपर्यंत. शिवाय आरटीओ गाडी जमा करतो. कोणीही हा उद्योग करू नये." खाली नुसते अंगठे. हे कुठल्या बुकलेटमध्ये लिहिलंय, असं एकानेही विचारलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. (स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी लोखंडी दांडी. वळणात ती पिळते आणि गाडीचं झुकणं कमी करते.)

बहुतेक वॉरंटी बुकलेटांत अट अशी असते की बदलामुळे किंवा बाहेरच्या पार्टमुळे जो बिघाड होईल तो कंपनी भरून देणार नाही. म्हणजे बिघाडाचा बाराशी संबंध असला पाहिजे. संबंध कुठे लागू शकतो? लिंक रॉड (बाराचं टोक आर्मला जोडणारी छोटी दांडी), डी बुश (बार ज्यात बसतो तो डी आकाराचा रबरी तुकडा), बुशचे ब्रॅकेट, ब्रॅकेट जिथे बसतात ती सबफ्रेमची (गाडीखालच्या चौकटीची) जागा, लिंक जिथे अडकते तो आर्म (चाक धरणारा दांडा). ताणूनताणून शॉकअप आणि टायरची झीज. इंजेक्टर, क्लच, टचस्क्रीन, एसीचा कंप्रेसर यांचा बाराशी काय संबंध? २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांविरुद्ध जो आदेश दिला त्यातही हेच आहे: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारायची.

आता बाराचं गणित. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिमीचा २२ केला की बार ४६ टक्के कडक. २४ केला की दुपटीहून जास्त. २४ मिमीचा पोकळ बार ४ मिमी जाडीच्या नळीचा असेल, तर २० च्या भरीव बारापेक्षा ६६ टक्के कडक आणि तरी वजनाला पाचव्या हिश्शाने हलका. ही वाढ फक्त बाराची. मागच्या स्प्रिंगा तशाच राहतात, म्हणून गाडीचं झुकणं त्या प्रमाणात कमी होत नाही. २२ वर थांबलं तर कारखान्याच्या जोडण्यांवर फार भार येत नाही. लोक थेट २५-२६ घालतात, मग ब्रॅकेटची जागा फाटते आणि बदनाम सगळेच होतात.

हे सगळं मागे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली वरखाली होणारं) आणि वेगळा बार असलेल्या गाड्यांचं: एक्सयूव्ही ५००, ७०० वगैरे. क्रेटा, स्विफ्ट यांना मागे ट्विस्ट बीम आहे, तिथे बीमच पिळवटून बाराचं काम करतो. त्याला क्लॅम्पने जोडायचे बार मिळतात, तो विषय इथे नको.

लळिंगघाट

अर्धवट माहिती देऊन लोकांना खड्ड्यात घालू नका. तो आदेश सुटे भाग बाजारात मिळण्याबद्दल आणि बाहेरच्या गॅरेजच्या दुरुस्तीबद्दल होता. मूळचा पार्ट काढून वेगळ्या मापाचा घालणं ही दुरुस्ती नाही, तो बदल आहे. शिवाय कंपन्या अपिलात गेल्या. ते वाक्य काउंटरवर दाखवून सर्व्हिस अॅडव्हायजर जॉब कार्ड (कामाची नोंद) उघडेल असं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

आणि आपल्याकडची परिस्थिती बघा. बऱ्याच कंपन्यांचं अधिकृत वर्कशॉप अख्ख्या जिल्ह्यात एकच. त्याने रॅम्पवर गाडी घेऊन जाड, वेगळ्या रंगाच्या बाराचा फोटो कंपनीला पाठवला की फाइल तिथेच अडकते. नंदुरबारच्या माणसाने दुसऱ्या मतासाठी सुरतेला जायचं का? कायद्याने तुम्ही बरोबर असाल, पण गाडी महिनाभर उभी राहते तिचं काय?

तापीकाठ

ठीक आहे, आदेश दुरुस्तीबद्दल आहे, बदलाबद्दल नाही. एवढं मान्य. पण "आधी संबंध दाखवा" हे तत्त्व बुकलेटमध्येच आहे, त्यासाठी आदेशाची गरज नाही.

गाडी उभी राहते त्याचंही उत्तर आहे. नकार तोंडी घ्यायचा नाही. जॉब कार्डवर लिहून मागा: कोणता पार्ट गेला, कशाने गेला, बाराने तो कसा गेला. लिहून द्यायची वेळ आली की अर्धे नकार ढिले पडतात. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नंदुरबारचा माणूस नंदुरबारलाच करेल. गाडी १० ते २० लाखांची असेल तर फी ४०० रुपये. कलम ३८ खाली आयोग वस्तू तपासणीला प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मुदत दोन वर्षांची.

गिरणाकाठ

कसाले इतला खर्च करस भो? घाटात गाडी झुकते म्हणून बार हवा, असं म्हणणाऱ्यांनी आधी टायरची हवा बघावी. आपल्याकडे टायरवाले डोळे झाकून सगळ्या गाड्यांत ३५ भरतात. दरवाजाच्या खांबावर स्टिकर आहे, तो कोणी वाचत नाही. पुढच्या चाकांचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) बिघडलेला, शॉकअप गळतोय, आणि मागे नवा लाल बार!

शिवाय जो मुद्दा कोणी काढतच नाही तो हा: मागचा बार कडक केला की मागची पकड कमी होते. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी वळणात पुढे सरकते, ते कमी करायलाच हा बार. पण कन्नडच्या औट्रम घाटात पावसात उतरताना वळणाच्या मध्ये घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागचं आतलं चाक उचलतं आणि शेपूट बाहेर येतं. ईएसपी (घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) सावरेल, पण तेही कारखान्याच्या बारावर जुळवलेलं असतं. मागे गुळगुळीत टायर असतील तर ईएसपी तरी काय करणार? पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असणाऱ्याने या बाराला हातसुद्धा लावू नये.

तापीकाठ

टायरबद्दल बरोबर. मागचे टायर पुढच्यांपेक्षा चांगले हवेत, हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण २० चा २२ केल्याने गाडी घसरगुंडी होत नाही. बाराच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे टोकाकडच्या भोकात लिंक बसवली की बाराचा हात (वाकलेला टोकाचा भाग) लांब, बार मऊ. आतल्या भोकात हात आखूड, बार कडक. २०० मिमीचा हात १८० केला की कडकपणा सुमारे २३ टक्के वाढतो. सुरुवात मऊ भोकापासून, दोन्ही बाजूंना तेच भोक.

पांझरा१८

वॉरंटी, कायदा चालू द्या. निम्मी भांडणं बसवण्याच्या चुकांमुळे होतात, म्हणून पद्धत लिहितो.

दोन्ही मागची चाकं एकाच उंचीवर हवीत, दोन्ही जमिनीवर नाहीतर दोन्ही हवेत. एकच बाजू जॅकवर घेतली की बार पिळलेला राहतो, लिंकचा बोल्ट निघता निघत नाही आणि हातोडा येतो. लिंक रॉडचा नट सोडताना बॉलची दांडी ॲलन कीने किंवा पातळ पान्याने धरा, नाहीतर दांडी आतल्या आत फिरते आणि रबरी बूट फाटतो. तो बूट फाटला की धूळ आत, दोन महिन्यांत टकटक, आणि मग वर्कशॉप म्हणणार "बारामुळे गेलं". त्यात ते खोटंही बोलत नसतात.

बुशचं भोक नव्या बाराच्या मापाचं हवं. २२ च्या बारावर २० चा बुश ओढूनताणून बसवला की ब्रॅकेट पूर्ण बसत नाही आणि बोल्टवर आडवा भार येतो. बार आडवा सरकू नये म्हणून बुशच्या बाजूला लॉक कॉलर (बारावर आवळायचं कडं) लावा. एअर गनने आवळायचं नाही. टॉर्क त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाज हवा असेल तर ८.८ ग्रेडचा एम८ बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटर, एम१० साधारण ४९. सगळं बसल्यावर चाकं पूर्ण लोंबकळत ठेवून आणि पूर्ण दाबून, दोन्हीकडे बघा: सायलेन्सर, ब्रेकचा होज, एबीएसची वायर, टाकी. दोन-चारशे किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

आणि पॉली बुश (रबराऐवजी पॉलीयुरेथेनचा) असेल तर ग्रीस भरपूर लावा, साधं एमपी ग्रीस (मल्टिपर्पज, म्हणजे नेहमीचं लिथियम ग्रीस) चालतं.

केळीपट्टा

शेवटच्या ओळीने सगळ्यावर पाणी फिरवलंत. एमपी ग्रीस चालत नाही. रबरी बुशला तर अजिबातच नाही, रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. पॉली बुशला सिलिकॉन ग्रीसच लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, त्यात डांबराची धग. एमपी ग्रीसमधलं तेल सुटून वाहतं, मागे राहतो तो चिकट लगदा. कापसाच्या शेतातली काळ्या मातीची धूळ त्यात बसते आणि बाराचा रंग घासून लोखंड उघडं पाडते.

पांझरा१८

मी पॉलीबद्दल लिहिलं, रबराबद्दल नाही. नीट वाचा आणि मग बोला. पॉलीला खनिज तेलाने काहीही होत नाही. सिलिकॉनची इवलीशी ट्यूब कितीला पडते ते माहीत आहे ना? ब्रॅकेटला निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर दर सर्व्हिसला ग्रीस गन मारा, जुना लगदा धुळीसकट बाहेर येतो. लिथियम ग्रीस ट्रकांच्या किंगपिनला (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) वर्षानुवर्षं चालतं आणि बाराला चालत नाही?

केळीपट्टा

किंगपिन धातूवर धातू असते, इथे धातूवर पॉली. लिथियम हा ग्रीस घट्ट करणारा साबण आहे, रबर फुगवतं ते त्यातलं खनिज तेल. पॉली फुगत नाही हे खरं, पण शेजारी लिंक रॉडचे रबरी बूट आहेत, आर्मचे रबरी बुश आहेत. गन मारल्यावर बाहेर आलेलं ग्रीस कुठे सांडतं? त्यांच्यावरच. वॉरंटीच्या धाग्यात हे सांगावं लागतंय: आर्मचा बुश तेलाने फुगलेला दिसला की ती तुमची चूक, आणि तिथे कंपनी पूर्णपणे बरोबर.

लळिंगघाट

कारखान्याच्या बऱ्याच नव्या बारांना बुश चिकटवूनच येतो, तिथे ग्रीसचा प्रश्नच नाही. बार सरकत नाही, रबर पिळतं. बाजारातला बार घेतला की हा नवा प्रश्न तुम्ही स्वतः विकत घेता. माझा मुद्दा हाच आहे.

पांझरा१८

बरं. निपल नसेल तिथे सिलिकॉन, निपल असेल तिथे लिथियम, आणि सांडलेलं पुसून घ्या. यापुढे मी हटणार नाही. रबरी बुश बसवताना घसरायला हवं असेल तर साबणाचं पाणी, वाळून जातं.

सातपुडा३९

ग्रीस संपलं असेल तर आरटीओवर येऊ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा बदल करता येत नाही. आरसीवर बाराचा व्यास नसतो. गाडी उंच केली, सीट वाढवल्या, रंग बदलला, हे वेगळं. मूळ पोस्टमधली "गाडी जमा" ही भीती चुकीची.

पण ते अगदीच सोपंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेला पार्ट लावला तर मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अधिकाऱ्याने खाली वाकून बघितलं तर वाद होऊ शकतो. म्हणून बाराचं बिल, उत्पादकाचा पार्ट नंबर आणि मूळ बार जपून ठेवा. विमा कंपनीला मेल करा, उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर सर्वेयरला बार पहिल्यांदा दिसला तर तो बोट ठेवणारच, आणि ही रक्कम वॉरंटीच्या लिंक रॉडपेक्षा कितीतरी मोठी असते.

नवापूररोड

एवढं कशाला? सर्व्हिसच्या आदल्या दिवशी जुना बार बसवायचा. चार बोल्ट आणि दोन लिंका.

केळीपट्टा

ही फसवणूक आहे आणि ती लपत नाही. ब्रॅकेटच्या बोल्टांच्या रंगावर पान्याच्या खुणा, सबफ्रेमवर पॉली बुशच्या रुंदीचा चकाकता पट्टा, जुन्या बारावर मात्र धूळ नाही. रॅम्पवरच्या पोरालाही कळतं. पकडलं गेलं की ज्या दाव्याचा बाराशी संबंध नाही तोही संशयात जातो.

तापीकाठ

हे अजिबात करू नका. वॉरंटीत बाजू मांडायची ती सरळ मांडायची. बसवण्याआधी वर्कशॉपमध्ये गाडी दाखवा आणि खालच्या भागाची स्थिती जॉब कार्डवर लिहून घ्या: लिंक ठीक, बुश ठीक, आवाज नाही. तारखेसह फोटो काढा. नंतर आवाज आला तर आधी स्वतः तपासा. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढतात, तिथे बार पिळत नाही. तिथे आवाज येत असेल तर शॉकअपचा माउंट किंवा आर्मचा बुश. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर टकटक असेल तर लिंक किंवा डी बुश, आणि तो तुमचा खर्च, तिथे कंपनीशी भांडू नका.

लळिंगघाट

वॉरंटी चालू असताना मी कोणालाही बार घाला म्हणणार नाही. पण घालायचाच असेल तर आधी जॉब कार्ड करून घ्या, एवढं तुमचं बरोबर.

गिरणाकाठ

आणि हवा थंड टायरमध्ये मोजा, स्टिकरवर "भरलेली गाडी" आणि "रिकामी गाडी" असे दोन आकडे असतात. ते जमल्यावर घाटात पुन्हा चालवून बघा, मग बाराचं ठरवा.

पांझरा१८

लिंकचा शेवटचा आवळा चाकं जमिनीवर असताना, टाकी निम्मी आणि डिकी रिकामी ठेवून. लिंक रबरी बुशची असेल तर हे विसरू नका. लोंबकळत आवळली तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि पावसाळ्याआधीच फाटतं.