मदत हवी आहे: नडगीचं दुखणं आणि फुल मॅरेथॉनला उरलेले ९ आठवडे

पहाटपाऊल

मंडळी, जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये फुलसाठी (४२ किमी) नाव नोंदवलं आहे. पहिलीच फुल. वय ३८, पुण्यात राहते, याआधी हाफ केल्या आहेत (२१ किमी, साधारण २ तास २० मिनिटं).

आठवड्याला ३५ किमी पळणं चालू होतं, ते ३ आठवड्यांत ५२ वर नेलं. त्याच काळात बुधवारी वेताळ टेकडी चढणं-उतरणं सुरू केलं. आता डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, दुखतं. आधी पहिले दोन किमी दुखून थांबायचं, मग पळून झाल्यावर पुन्हा सुरू व्हायचं. नंतर सकाळी जिना उतरतानाही जाणवायला लागलं म्हणून १० दिवसांपासून पळणं बंद आहे. चालताना दुखत नाही. सर्वात लांबचं पळणं २४ किमी झालं आहे.

प्रश्न असे:
१) पुन्हा पळायला कधी आणि कसं लागायचं?
२) तोवर दम टिकवायला काय करायचं?
३) बुडालेले लाँग रन भरून काढावेत का?
४) फुलचा नाद सोडून हाफ करावी का?
५) पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेतली तर चालते का? ग्रुपमधले बरेच जण घेतात.

सांधेजोड

ताई, पाचही प्रश्नांच्या आधी एक गोष्ट ठरवायला हवी. हे नडगीच्या हाडावरच्या आवरणाचं दुखणं आहे, म्हणजे ज्याला सगळे शिन स्प्लिंट म्हणतात ते, की हाडाला बारीक तडा जाण्याची सुरुवात आहे? दोन्हींची जागा एकच असते, उपाय मात्र अगदी वेगळे.

खुर्चीवर बसा, डावा पाय उजव्या मांडीवर घ्या. घोट्यापासून सुरुवात करून नडगीच्या आतल्या कडेवर, जिथे हाड संपून पोटरी लागते तिथे, अंगठ्याने एकेक सेंटिमीटर दाबत वर जा. ५ सेंमीपेक्षा लांब पट्ट्यात सगळीकडे सारखं दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, तिथे सूज असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा साधं चालतानाही दुखत असेल, तर तडा धरून चाला आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एकाच जागी कळ असेल तर एका पायावर उडी मारून बघायच्या फंदात पडू नका.

साध्या एक्स-रेवर विसंबू नका. तडा पहिले दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. शंका असेल तर एमआरआय.

आणखी दोन गोष्टी. दुखणं नडगीच्या समोरच्या धारेवर, मधोमध असेल तर ते जास्त धोक्याचं. त्या भागावर ताण पडून तडा उघडत राहतो, रक्तपुरवठाही कमी, त्यामुळे तडा भरायला फार वेळ लागतो. आणि पळताना पोटरी फुगून आवळल्यासारखी होऊन पावलाला मुंग्या येत असतील आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळं ओसरत असेल, तर तो स्नायूंच्या कप्प्यातल्या दाबाचा वेगळाच आजार आहे.

गोळीचं उत्तर: नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या हाडाचं ऐकू येणारं बोलणं बंद करतात, हा एक तोटा. दुसरा त्याहून गंभीर आहे. लांब पळताना शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही घटलेला असतो. या गोळ्या तो आणखी घटवतात. वर पाणी जास्त प्यायलं गेलं तर रक्तातलं सोडियम घसरण्याचा धोकाही वाढतो. ग्रुपमध्ये कोणी सर्रास घेत असेल तर त्यांनाही हे वाचायला द्या.

तळजाई

दुखणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच का आलं, हे समजून घेतलं तर पुढचं वेळापत्रक आपोआप कळतं. भार वाढला की हाड स्वतःची डागडुजी काढतं. आधी जुना भाग खरवडला जातो, त्याला साधारण ३ आठवडे लागतात. नवा भाग भरून पक्का व्हायला मात्र ३ महिन्यांच्या आसपास. म्हणजे भार वाढवल्यावर तीन-चार आठवड्यांनी हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमका तेव्हाच दम वाढलेला असल्याने माणूस आणखी पळतो. म्हणून हृदय आणि फुफ्फुसं काय म्हणतात त्यावर हाडाची तयारी कधीच मोजू नये.

इकडे हे दरवर्षी दिसतं. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ, मग लगेच जानेवारीच्या मुंबईसाठी किलोमीटर वाढवायचे. चढ-उतार आणि अंतर या दोन गोष्टी एकाच महिन्यात वाढल्या की नडगी तक्रार करणारच. टेकडीची माती मऊ म्हणून पायाला बरी, असं सगळे धरून चालतात. पण उतरताना दर पावलाला पाय ब्रेक लावत असतो, तो भार मातीने फारसा कमी होत नाही.

पहाटपाऊल

दोघांचेही मनापासून आभार. दाबून पाहिलं. साधारण वीतभर पट्टा दुखतो, पण त्यात एक जागा जास्त हुळहुळी आहे. रात्री दुखत नाही. तरी डॉक्टरांना दाखवून एमआरआय केला. अहवालात हाडाच्या आवरणाला सूज आहे, आतला मगज स्वच्छ आहे, तडा नाही. पहिला ग्रेड असं लिहिलं आहे. डॉक्टरांनी आणखी आठवडाभर पळू नका, मग हळूहळू वाढवा एवढंच सांगितलं. आता ८ आठवडे उरलेत. "हळूहळू" म्हणजे किती, ते सांगा.

सांधेजोड

चांगली बातमी आहे. या मोजपट्टीत चौथा ग्रेड म्हणजे उघड तडा, तुम्ही पहिल्याच पायरीवर आहात. व्हिटॅमिन डीची रक्ततपासणी केली नसेल तर करून घ्या, उन्हाच्या देशात राहूनही आपल्याकडे कमतरता सर्रास आढळते. मासिक पाळी लांबत किंवा चुकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पळण्याच्या मानाने खाणं कमी पडल्याची ती खूण असू शकते आणि हाडावर तिचा थेट परिणाम होतो. पळणं बंद आहे म्हणून जेवण कमी करू नका. दिवसाला १,००० मिग्रॅ कॅल्शियम पोटात जायला हवं. पेलाभर दुधात पाव ग्रॅमच्या वर मिळतं, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास. भाकरी नाचणीची करा.

मैलाचा दगड

"हळूहळू"चा हिशोब देतो.

पहिला आठवडा पळणं शून्य. तीन दिवस ४५ मिनिटं सायकल, दोन दिवस तलावाच्या खोल बाजूला कमरेला तरंगता पट्टा बांधून पाण्यात पळणं. पाय तळाला टेकता कामा नये. ५ मिनिटं सावकाश, मग २ मिनिटं जोरात आणि १ मिनिट सैल असं ८ वेळा, शेवटी ५ मिनिटं सावकाश. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा कमी दिसते, तेव्हा घड्याळ न बघता श्वासावरून जोर ठरवा.

रस्त्यावर यायची परवानगी पुढचं सगळं जमलं तरच: ३० मिनिटं झपाझप चालून अजिबात दुखलं नाही, नडगी दाबल्यावर जेमतेम जाणवतं, एका पायावर सलग २५ वेळा टाच उचलता येते, आणि शेवटी त्याच पायावर १० उड्या मारून दुखत नाही. एक जरी अडलं तरी आणखी चार दिवस सायकल.

दुसरा आणि तिसरा आठवडा, एक दिवसाआड, सपाट जागेवर:
१ मिनिट पळणं, २ चालणं, १० वेळा.
२ पळणं, २ चालणं, ८ वेळा.
३ पळणं, १ चालणं, ८ वेळा.
५ पळणं, १ चालणं, ५ वेळा.
१० पळणं, १ चालणं, ३ वेळा.
मग ३० मिनिटं सलग.

वेग असा की अख्खं वाक्य बोलता यावं. मधल्या दिवशी सायकल चालेल. दोन आठवड्यांत सात दिवस मिळतात आणि पायऱ्या सहा आहेत, तो जास्तीचा दिवस एखादी पायरी पुन्हा करायला ठेवला आहे. दहापैकी दोनपेक्षा जास्त दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवलं, तर दोन दिवस सुट्टी आणि एक पायरी मागे. गरम झाल्यावर दुखणं गेलं म्हणून खूश होऊ नका, सकाळचा जिना हाच खरा परीक्षक.

त्यानंतर रविवारचं लांब पळणं १० किमी, मग १४, मग १८, रेसच्या आधीच्या रविवारी ८. ही सगळी ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं अशी. वाढवायचा क्रम ठरलेला: आधी किती दिवस, मग किती वेळ, मग चढ-उतार, आणि वेग सर्वात शेवटी. टेकडी या ८ आठवड्यांत नाहीच. बुडालेले लाँग रन बुडाले. ते दोन रविवारांत कोंबले की बरोबर तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे रेसच्या तोंडावर, पुन्हा हेच.

वरचे आकडे पाहिलेत तर चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. माझं मत हाफ.

ठाणेकर धावक

थोडी असहमती. दम आहे, २४ किमीचा पाया आहे, सायकल चालूच राहणार. सुरुवातीपासून ४-१ धरलं तर वेळेच्या आत फुल पूर्ण होऊ शकते. पहिली फुल आहे, वेळेचं लक्ष्य सोडून द्यावं, रेस का सोडावी?

मैलाचा दगड

पूर्ण होईल की नाही हा प्रश्नच नाही, बहुतेक होईलही. प्रश्न नडगीचा आहे. पोटरीचे स्नायू ताजे असतात तोवर धक्क्याचा मोठा वाटा तेच घेतात. ते थकले की तोच धक्का हाडाकडे जातो. ज्या हाडाने रेसपूर्वी १८ किमीच पाहिलेत, त्याने उरलेले २४ किमी थकलेल्या पोटरीबरोबर काढायचे, आणि त्यात परतीचा पेडर रोडचा चढ आणि त्यामागचा उतार. पहिल्या ग्रेडचं दुखणं तिसऱ्या ग्रेडवर नेण्याची याहून सोपी रीत नाही. आवरणाची सूज काही आठवड्यांत बसते, तडा गेला तर हंगाम जातो.

गट बदलता येतो का आणि कधीपर्यंत, ते आयोजकांच्या नियमात आजच वाचा. बदलता येत नसेल तर यंदा सोडा. दुसऱ्या कोणाच्या हाफच्या बिबवर (छातीवर लावायचा नंबर) मात्र पळू नका. बिबच्या मागे रक्तगट आणि घरचा फोन नंबर त्या माणसाचा असतो, रस्त्यात काही झालं तर वैद्यकीय मदतनीस तेच वाचतात.

तळजाई

हाफला अनुमोदन. ताकदीचे व्यायाम कोणी लिहिले नाहीत, आणि पुन्हा न दुखण्याची किल्ली तिथेच आहे. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच उचलणं, २ सेकंद वर, ३ सेकंद खाली. गुडघा सरळ ठेवून १२ चे ३ सेट, मग गुडघा थोडा वाकवून १५ चे ३ सेट. वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू काम करतो. लांब पळताना सर्वात जास्त भार त्याच्यावर येतो आणि नेमका तोच कच्चा राहतो. सोपं वाटायला लागलं की एका पायावर, मग पाठीच्या सॅकमध्ये ५ किलो तांदळाची पिशवी. भिंतीला पाठ टेकून, टाचा फूटभर पुढे ठेवून चवडे उचलणं, २० चे ३ सेट. एक दिवसाआड पुरे. हाडावर रोलर घासू नका, पोटरीवर चालेल. बर्फाने बरं वाटतं, दुखणं भरून येत नाही. पोटरीवरच्या घट्ट बाह्यांचंही तेच.

पावलांची गती मोजा. डावं पाऊल ३० सेकंदांत किती वेळा पडतं त्याला ४ ने गुणा. १६० येत असेल तर त्याच वेगात १६८ करून बघा. पाऊल आखूड पडतं आणि नडगीवरचा धक्का कमी होतो. मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठेका देणारं ॲप) लावून पाच-पाच मिनिटं सराव करा, एकदम सगळं पळणं बदलू नका, नाहीतर पोटरी धरेल.

पहाटपाऊल

नियम वाचले, हाफचा अर्ज करते आहे. बुटांवर ६०० किमी झालेत, बदलावेत का? आणि लांब पळताना मध्येच दुखायला लागलं तर?

सांधेजोड

बहुतेक बुटांची गादी ५०० ते ८०० किमीच्या दरम्यान दबून जाते. नवी जोडी आत्ताच घ्या, त्याच मॉडेलची किंवा तितक्याच टाचेच्या उंचीची. आधी चालण्या-पळण्याच्या दिवसांत वापरा आणि जुनी एक दिवसाआड चालू ठेवा. रोज कड एकाच हाताला ठेवून पळू नका, डांबर कडेला उतरतं असतं आणि एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. शक्यतो जाताना जी कड धरली तीच येतानाही धरा, म्हणजे जाताना डाव्या हाताला असलेली कड येताना उजव्या हाताला येईल आणि उतार दोन्ही पायांना वाटून मिळेल. अर्थात हे रहदारी नसलेल्या पहाटेच्या रस्त्यावरच.

मध्येच दुखलं आणि दहापैकी तीनच्या वर गेलं तर तिथेच थांबा. फक्त वेग कमी करून पुढे जाऊ नका, सावकाश पळताना तेवढ्याच अंतराला पावलं जास्त पडतात. म्हणून लाँग रन सरळ लांब नेऊ नका, घराभोवती ३ किमीच्या फेऱ्या आखा. कुठेही थांबलात तरी दीड किमीच्या आत घर, आणि खिशात रिक्षापुरते पैसे ठेवा.