‘चेंज मॅनेजमेंट’ला मराठीत काय म्हणायचं? खांदेपालट, फेरबदल, पुनर्रचना की सरळ भाकरी फिरवणे?

एचआरवाली
मंडळी एक शब्द हवाय. आमची कंपनी चाकण एमआयडीसीत आहे, नाव नको. नवीन प्लांट हेड आलेत, लाइनची मांडणी बदलतेय, शिफ्ट बदलतायत, आणि वरून आदेश की शॉप फ्लोअरसाठी मराठीत नोटीस लावा. कुणीतरी इंग्रजी नोटीस भाषांतराच्या ॲपमध्ये टाकली आणि बोर्डावर लागलं ‘बदल व्यवस्थापन कार्यक्रम : नेतृत्व आणि संघटनात्मक परिवर्तन’. संध्याकाळपर्यंत वेल्डिंगवाले चार जण केबिनच्या दारात, “मॅडम, बदलीची लिस्ट कधी लागणार? गुजरातला पाठवणार का?” त्यात ‘संघटनात्मक’ वाचून युनियनवाल्यांना वाटलं त्यांच्या संघटनेत कंपनी ढवळाढवळ करतेय. आता सांगा काय लिहू.

गिरणगावकर
ताई, वेल्डिंगवाल्यांचं काही चुकलं नाही. कामगाराच्या कानाला ‘बदल’ आणि ‘बदली’ यात फक्त एका वेलांटीचा फरक आहे. आणि मुंबईच्या गिरण्यांमध्ये तर बदली म्हणजे ट्रान्सफर पण नव्हे, बदली कामगार म्हणजे सकाळी गेटवर येऊन उभा राहणारा माणूस, कायम कामगार गैरहजर असला तर आत घेणार नाहीतर घरी परत. माणसं वर्षानुवर्षं बदलीच राहायची. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करा हीसुद्धा मागणी होती. तेव्हा हा शब्द नोटीस बोर्डावर टाकताना जरा जपून.

लीडरशिपचं म्हणाल तर गिरणीत लीडर म्हणजे जॉबर. तोच गावाकडून माणसं आणायचा, तोच भरती करायचा, रजा त्याच्या हातात, अडीनडीला पैसे पण तोच द्यायचा आणि मग वसूलही करायचा. बायकांच्या खात्यात नायकीण असायची. पण जॉबरला कोणी ‘नेता’ म्हटलेलं मी ऐकलं नाही, नेता गेटच्या बाहेर, युनियनचा. त्यामुळे मॅनेजमेंटने स्वतःला नेतृत्व म्हणवून घेतलं की लोक जरा हसतातच.

शब्दखाज
आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. वरचा माणूस बदलणं एक आणि खालचं काम बदलणं दुसरं. इंग्रजीत दोन्हीला चेंज म्हणून चालतं, मराठीत आपल्याकडे शब्द वेगळे आहेत, फक्त आपण ते वापरत नाही.

खांदेपालट. पालखीचे भोई थकले की खांदा बदलतात, त्यावरून आलेला शब्द. म्हणजे ओझं तेच, रस्ता तोच, फक्त उचलणारा खांदा दुसरा. आयुक्तांच्या बदल्या झाल्या, मंत्रिमंडळात खाती इकडची तिकडे झाली की पेपरवाले बरोब्बर हाच शब्द घालतात. पण प्लांटची मांडणी बदलली त्याला खांदेपालट म्हणता येणार नाही, त्याला पुनर्रचना.

टाटांचं उदाहरण घ्या, यात सगळे शब्द ओळीने सापडतात. जेआरडी 1938 साली अध्यक्ष झाले, वय 34, आणि मार्च 1991 मध्ये रतन टाटांच्या हाती सूत्रं दिली, 53 वर्षांनी. ही झाली खांदेपालट, एका बैठकीत आटोपली. पण त्याने समूह बदलला का? नाही ना. टिस्कोत (म्हणजे आजची टाटा स्टील) रुसी मोदी, टाटा केमिकल्स आणि टाटा टी कडे दरबारी सेठ, ताजमध्ये अजित केरकर, हे सगळे आपापल्या जागी भक्कम, इंग्रजी पेपर त्यांना सॅट्रप म्हणायचे, आपण मराठीत सुभेदार म्हणू किंवा अजून नेमकं हवं तर संस्थानिक, कारण सुभेदाराला निदान वरून हुकूम येतो. टाटा सन्स या समूहाच्या मुख्य कंपनीचा या कंपन्यांमधला हिस्सा कित्येक ठिकाणी इतका थोडा होता की हुकूम सोडायचा कशाच्या जोरावर हाच प्रश्न. मग काय केलं तर निवृत्तीचं वय लावलं, पूर्णवेळ पदावर 65 आणि संचालक मंडळावर 75. कुणाचं नाव घ्यायला नको, भांडायला नको, वाढदिवस आला की खुर्ची रिकामी! मोदी 1993 ला बाहेर, केरकर 1997 ला (दोन्ही प्रकरणं मात्र काही गोडीत मिटली नाहीत). जोडीला सन्सचा हिस्सा वाढवत नेला, टाटा नाव वापरायचं तर कंपन्यांनी करार करून फी भरायची असं ठरवलं, टॉमको ही साबणाची कंपनी हिंदुस्तान लिव्हरला देऊन साबणाच्या धंद्यातून बाहेर पडले. टाटा स्टीलमध्ये नव्वदच्या दशकात 78,000 च्या आसपास माणसं होती ती पुढच्या दहाएक वर्षांत 40,000 च्या घरात आली, तीही बरीचशी स्वेच्छेने लवकर बाहेर पडणाऱ्याला दरमहा पैसे चालू ठेवून. ही पुनर्रचना, आणि हिला दशक लागलं.

आणि 24 ऑक्टोबर 2016 ला रतन टाटांनंतर अध्यक्ष झालेल्या सायरस मिस्त्रींचं झालं ती खांदेपालट पण नाही, ती उचलबांगडी.

कोल्हापुरी चप्पल
उचलबांगडी 😂 एक नंबर. त्याच्या जवळचे पण घ्या की. पायउतार झाले म्हणजे स्वतःहून, निदान तसं दाखवून. गच्छंती म्हणजे घालवला. आणि आमच्याकडं शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांचा शब्द ‘नारळ दिला’, त्यात सगळं आलं.

पण भाकरी कशी विसरलासा भावांनो? घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, तिन्हीचं उत्तर एकच, फिरवली नाही म्हणून. शरद पवारांनी एप्रिल 2023 मध्ये भाकरी फिरवायची वेळ आली म्हटलं, 2 मे ला अध्यक्षपद सोडतो म्हणून जाहीर केलं आणि 5 मे ला निर्णय मागं घेतला, म्हणजे भाकरी फिरली का नाही ते तुम्हीच ठरवा. माझं म्हणणं एवढंच की भाकरी फिरवली तरी भाकरी तीच असती. परचेसचा माणूस स्टोअरला आणि स्टोअरचा परचेसला, त्याला हा शब्द बसतो. बाहेरून नवा प्लांट हेड आणला त्याला नाही, ती दुसरीच भाकरी झाली.

शब्दखाज
मान्य. जॉब रोटेशनला ‘कार्यआवर्तन’ वगैरे काढण्यापेक्षा लाखपट बरं.

पुणेरी आजोबा
नेतृत्वाबद्दल कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. पुढारी हा शब्द एकेकाळी मानाचा होता, वर्तमानपत्राचं नाव आहे, पण आज घरात “फार पुढारपण करू नकोस” हेच ऐकू येतं. म्होरक्या तर सरळ टोळीचा, पोलिसांच्या बातमीतला. धुरीण चांगला आहे, धुरा वाहणारा, पण तो सत्काराच्या भाषणाबाहेर जिवंत राहत नाही. मला विचाराल तर कंपनीतल्या प्रमुखाला कारभारी म्हणावं, अर्थ चोख आहे, कारभार करतो तो. अडचण एवढीच की खेड्यात बायको नवऱ्याला कारभारी म्हणते, तेव्हा प्लांट हेडना आवडेल का ते तुम्ही बघा.

आणि हल्ली एका माणसाला तीन-तीन साहेब असतात, पुण्याचा एक, जर्मनीचा एक, फायनान्सचा एक, त्याला मॅट्रिक्स म्हणतात म्हणे. त्याला आपल्याकडे 250 वर्षं शब्द आहे, बारभाईंचा कारभार. बिचाऱ्या बारभाईंवर अन्यायच आहे तो, नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधल्या खुनानंतर राघोबादादाला बाजूला सारून सवाई माधवरावाच्या नावाने राज्य चालवून दाखवलं त्यांनी, आणि भाषेत मात्र नाव राहिलं ते गोंधळाचं.

एचआरवाली
आजोबा, साहेबांना कारभारी म्हणायची माझी हिंमत नाही 😄 नोटीस अशी केलीय, बघा : ‘सोमवारपासून लाइन 3 ची मांडणी बदलत आहे. वेल्डिंगचं काम आता शेड ब मध्ये होईल. कोणाचीही बदली नाही. पगार आणि ग्रेड आहे तेच.’ परिवर्तन, नेतृत्व, व्यवस्थापन तिन्ही काढून टाकले.

गिरणगावकर
झकास. फक्त ‘कोणाचीही बदली नाही’ ही ओळ सगळ्यात वर घ्या आणि ठळक करा, बाकीचं त्यानंतरच वाचतील. आणि खाली ‘व्यवस्थापन’ अशी सही नको, सुपरवायझरचं नाव टाका, म्हणजे विचारायला कोणाकडे जायचं ते कळेल.