ब्लॉक हीटरची वायर, ऑटोमॅटिक गियर आणि कडाक्याची थंडी : तुमचे अनुभव लिहा

आज सकाळी खिडकीतून बघते तर शेजारचा मुलगा गाडी रिव्हर्स घेतोय आणि बंपरखालून ब्लॉक हीटरची (थंडीत उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणाऱ्या हीटरची) वायर ताणली जातेय. काचेवर थापा मारल्या, पण त्याला कुठलं ऐकू जायला. प्लग खटकन निघाला, बाकी काही झालं नाही. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण १२ वर्षांपूर्वी मीही अशीच वायर विसरले होते आणि मागच्या सीटवर लेक झोपली होती.

उणे २८ होतं. गाडी सुरू केली, पीमधून (पार्क) आरमध्ये (रिव्हर्स) टाकली आणि तेवढ्यात आठवलं, वायर तशीच आहे. पाय ब्रेकवर होता म्हणून गाडी उभी होती, मला वाटलं उभीच राहील. एक पाय बाहेर टाकला, दुसरा ब्रेकवरून काढला आणि ती निघाली ना मागे! गार इंजिन सुरुवातीला जास्त आरपीएमवर फिरतं त्यामुळे ॲक्सिलरेटरला पाय न लावताही गाडी नेहमीपेक्षा जोरात सरकते, हे नंतर मेकॅनिकने सांगितलं. उघडं दार खांद्यावर आदळलं, मी बर्फात पडले, वायर ताठ झाली आणि तिच्यावर गोठलेला बर्फ कटकट तुटून उडाला, ते अजून डोळ्यासमोर आहे. गाडी मागच्या बर्फाच्या ढिगात रुतून थांबली. लेक जागीसुद्धा झाली नाही.

तेव्हापासून दोन सेकंदांसाठी उतरायचं असलं तरी ब्रेक, हँडब्रेक, पी, इंजिन बंद, मगच दार. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा, लेक आता गाडी शिकतेय, तिला वाचून दाखवीन.

*

बापरे, अंगावर काटा आला. खांदा नंतर दुखला का गं? मशीन लावलंय, रात्री सविस्तर लिहिते.

*

मी वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावरून घेऊन मग बोर्डात लावतो. दार उघडायला गेलं की वायर तोंडासमोर. ९ हिवाळे झाले, एकदाही विसरलो नाही.

*

हीटर रात्रभर लावून ठेवायचा का पण? आमच्याकडे यावरून रोज वाद, हे म्हणतात रात्रभर, मी म्हणते वीज फुकट आहे का

*

नाही ताई, रात्रभर कशाला. तो कूलंट (इंजिनात फिरणारं पाणी) गरम करतो, कूलंटमुळे इंजिन. २ ते ४ तासांत जेवढं तापायचं तेवढं तापतं, पुढे जेवढी उष्णता मिळते तेवढीच हवेत निघून जाते. टायमर लावा, पहाटे ४ ला सुरू, ७ ला निघा. हीटर ४०० वॉटपासून १००० च्या पुढेही असतात, त्यामुळे बिलात फरक दिसतोच. आणि कूलंट कमी असेल तर आधी भरा, कोरडा पडला की कॉइल जळते.

*

टायमर ऑर्डर केला, यांना अजून सांगितलेलं नाही 😀

*

एक्स्टेंशनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पहिल्या वर्षी घरातलीच पातळ वायर वापरली, तीही गुंडाळीसकट. सकाळी प्लग काढायला गेलो तर मऊ लागला, वास येत होता आणि आतल्या पिना काळ्या. भिंत लाकडाची आहे आमची, पुढचा विचार करवत नाही. आता बाहेर वापरायची जाड, अर्थिंगवाली तीन पिनांची वायर, पूर्ण सोडलेली, आणि अधूनमधून प्लगला हात लावून बघतो. कोमट ठीक, चटका बसला तर कनेक्शन ढिलं आहे.

*

उतारावर नुसतं पी टाकून सोडू नका!!! पी म्हणजे गियरबॉक्समध्ये एक छोटा लोखंडी दात खाचेत अडकतो, बस, गाडीचा सगळा भार त्याच्यावर. आमच्या बाबांची गाडी पीमधून काढताना रोज धाड्कन आवाज यायचा, ते म्हणायचे जुनी झाली. ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, ब्रेक सैल करून भार हँडब्रेकवर बसू द्या, परत ब्रेक, मग पी. हा क्रम लावला तर आवाज बंद. बाबांना पटायला सहा महिने लागले.

*

पण उणे ३० ला हँडब्रेकची केबल गोठते की, मागची चाकं जाम. आमची दोन तास हललीच नाही.

*

हो, तेही खरंय. ओल्या रस्त्यावरून येऊन लगेच ओढला तर नक्की गोठतो. कडाक्याच्या थंडीत मी सपाट जागा शोधतो, पी टाकतो आणि चाकाला लाकडाचा ठोकळा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

*

बर्फात रुतल्यावर डी-आर-डी-आर (पुढे-मागे) करताना प्रत्येक वेळी चाक पूर्ण थांबू द्या आणि दोन-चार प्रयत्नांत नाही निघाली तर फावडं घ्या. मी इरेला पेटून गियरबॉक्स तापवला होता. आणि टोचन करायची वेळ आली तर इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीला लागू द्यायची नाहीत, इंजिन बंद असलं की आतलं ऑईल फिरत नाही. ऑटोमॅटिकला धक्का स्टार्टपण नसतो, हे बॅटरी उतरल्यावर कळलं, चार जण ढकलत होते बिचारे.

*

काका तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? मागे लिहिलं होतंत

*

झालं बेटा, डावा होता, त्यामुळे ऑटोमॅटिक लवकर चालवता येईल असं डॉक्टर म्हणाले. ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही पेडलला उजवाच पाय, डाव्याला सुट्टी.

*

थोडं वेगळं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. हीटर नाही म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी तापवू नका. दार उघडं असलं तरी नको. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माझा मावसभाऊ असाच गेला, गाडीतच. बर्फ पडल्यावर सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का तेही बघा. बाहेर काढून अर्धा-एक मिनिट, मग पहिले काही किलोमीटर हळू चालवा, गियरबॉक्सचं ऑईलही तेव्हाच गरम होतं.

*

🙏🙏 ऐकून वाईट वाटलं.

*

सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले, मावसभावाचं वाचताना ती गप्पच झाली. खांदा ठीक आहे गं, थंडीत ठणकतो एवढंच. संध्याकाळी शेजारचा मुलगा वायर घेऊन आला होता, प्लगजवळ अर्धा इंच चीर आणि आतलं तांबं दिसतंय. चिकटपट्टी मारू का विचारत होता. नको म्हटलं, नवीन वायर येईपर्यंत आमच्या गॅरेजमध्ये लाव गाडी.