मदत हवी आहे : मुलाखतीतल्या आशेचं करायचं काय?

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात एमए करतेय. प्रबंधासाठी मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. पीक हातचं गेलेला माणूसही शेवटी म्हणतो, “औंदा पाणी चांगलं पडलं की बघू.” हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकू? आमचे सर म्हणतात, बोलायची रीत आहे, सोडून दे. मला पटत नाही. त्याच भरवशावर तो दुकानातून बियाणं उधारीवर उचलतो की!

मानसशास्त्रज्ञ स्नायडरची आशा मोजायची १९९१ची १२ विधानांची मोजपट्टी चाळली. तिचा सगळा भर जिद्द आणि मार्ग काढण्याच्या हिकमतीवर. पावसापुढे कसली जिद्द? त्यापेक्षा मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई जवळचे वाटले. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधलं महिला मिलन या बायकांच्या संघटनेचं काम, वस्तीतल्या लोकांनीच संडासांचे नमुने मांडलेले संडास मेळे हे सगळं पाहून २००४मध्ये त्यांनी मांडलं, की आकांक्षा बाळगायची ताकदही समाजात सारखी वाटलेली नसते, ती सरावाने वाढते. पण तिथे संघटना होती. माझ्या गावांत प्रत्येक जण एकटाच.

आणखी एक गुंता. या लोकांचं भलं व्हावं असं मलाही वाटतं, त्यामुळे निष्कर्ष आपोआप गोड व्हायला लागलेत. मानववंशशास्त्रज्ञ मियाझाकी तर फिजीतल्या सुवावू गावच्या लोकांनी गेलेल्या जमिनीसाठी सरकारकडे केलेल्या अर्जांवर लिहिताना आशेला अभ्यासाची पद्धतच मानतो. हे एमएच्या परीक्षकांना चालेल का?

अशा मुलाखतींचं वर्गीकरण कुणी केलंय का? मराठीत प्रश्नावली असेल तर सांगा. पद्धतीचं प्रकरण लवकरच द्यायचंय.