जुना रंग कोरडा घासू नका

लाकडी खिडकीच्या झडपांवर जुन्या ऑइल पेंटवरच नवा हात मारला तर चालेल का, असं एकाने विचारलंय. रंग घट्ट धरून असेल तर हलकं घासून चालतो. पोपडे सुटले असतील तर खरवडायलाच हवेत. फक्त कोरडं घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत जास्त शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची विषारी धूळ उडते. वॉटरपेपर (पाण्यात चालणारा घासकागद) ओला करून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

मग लाकूड खडखडीत वाळलं की प्रायमर, लांबी (भेगा-खड्डे भरायची पुट्टी) आणि रंगाचे दोन पातळ हात. खालच्या आडव्या पट्टीच्या सांध्यात पाणी मुरतं, तिथे प्रायमर सढळ हाताने. मी मे संपता संपता घाई केली. पहिल्याच पावसात झडपा चौकटीला चिकटल्या, दिवाळीत पुन्हा तेच काम!