पश्चात्ताप झाला, मग पुढं काय केलंत? (अनुभव धागा)

सर्वांना सलाम.

ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आलाय, म्हणजे चर्चमध्ये साक्षी (देवानं मला कसं बदललं, हे चारचौघांत सांगणं) ऐकायचे दिवस. बहुतेक साक्षी एकाच साच्यातल्या: आधी दारू-जुगार, मग एका रात्री प्रार्थना, मग सगळं आलबेल. मला त्याच्या पुढचं ऐकायचंय. बायबलमधल्या दावीद राजानं उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं. नाथान संदेष्ट्यानं त्याला "तो मनुष्य तूच आहेस" असं सुनावलं, तोवर उरीया मारला गेला होता आणि बाळही जन्मलं होतं. पण 51व्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो, मी तुझ्याविरुद्धच पाप केलं. मी तिथं दरवेळी अडखळतो. मग उरीयाचं काय?

तर, ज्याचं नुकसान केलंत त्याच्यापर्यंत पोचलात का? विश्वास परत आला तो त्याआधी की नंतर? पडलेले, उठलेले, अर्धवट उठलेले, सगळ्यांनी लिहा. मंडळीचं (चर्चचं) किंवा पाळकांचं (तिथल्या धर्मगुरूंचं) नाव मात्र नको.

जुना खजिनदार, नगर जिल्हा

सुगीच्या सणाला आमच्या मंडळीत लिलाव होतो. कोंबडी, नारळ, ज्वारीची कणसं, कुणाच्या परसातली पपई. साध्या पपईला लोक हौसेनं हजाराची बोली लावतात, पैसा देवाचा म्हणून. ती रक्कम मी वहीत कमी लिहायचो. पोरीच्या ॲडमिशनला घेतले, परत टाकीन म्हटलं, टाकले नाहीत. पकडला गेलो नाही, हे लक्षात घ्या. उलट त्याच काळात माझी प्रार्थना फार रसाळ झाली होती, लोक कौतुक करायचे.

एका म्हातारीनं कोंबडी बोलीत घेतली होती, पैसे हप्त्यानं देत होती. रुमालाची गाठ सोडून तिनं दहा-दहाच्या नोटा माझ्या हातावर मोजल्या आणि सहज विचारलं, "लिहिलं का रं बाबा?" त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांकडं गेलो. वाटलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. त्यांनी आधी वही मागितली. मग बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय उघडला: मुद्दल पुरतं फेडायचं, वर पाचवा हिस्सा, आणि मग अर्पण. म्हणाले, "येशूला भेटल्यावर जक्कय जकातदारानं तर चौपट फेडायचं कबूल केलं होतं. तुम्ही निदान एवढं करा."

मंडळीच्या पंचकमिटीसमोर सांगितलं. पद गेलं. फेड होईस्तोवर प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत उपासनेत घेतात ती भाकर आणि द्राक्षरस) घ्यायचं नाही असं ठरलं. काहींना हे कडक वाटेल, मला वाटत नाही. भाकरीचं ताट माझ्यापुढून शेजाऱ्याकडं जायचं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ती भाकर हवीशी वाटली. त्याआधी सवयीनं गिळत होतो.

एक वाचक, दौंडजवळून

काकांचं वाचून बरं वाटलं, निदान वही मागितली गेली. माझी बाजू दुसरी आहे. नवऱ्याचं बाहेर होतं. त्यांनी ते उज्जीवन सभेत (विश्वास नव्यानं जागवायला भरवतात त्या सभेत) माईकवर कबूल केलं. मला आधी एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं. मी समोर बसलेले, मांडीवर मुलगा झोपलेला. लोक हालेलूया म्हणाले आणि मग माना वळवून माझ्याकडं बघायला लागले. सभा सुटल्यावर बायकांनी घेरलं: "क्षमा कर गं, साताच्या सत्तर वेळा."

आमच्या भागात उज्जीवनाचा वारसा मोठा. 1905 साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली रडून रडून पापं कबूल करायच्या हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्याचा आदर आहेच. पण आमच्या माणसांनी त्यातलं रडणं तेवढं उचललं, असं माझं मत. रडला की सुटला!

मी माहेरी गेले. इकडं यांचं रडणं थांबलं आणि खरं काम सुरू झालं. फोन, पगार, येण्याजाण्याची वेळ, मी न मागता त्यांनी सगळं उघडं ठेवलं. मी परत आले ती त्याच्यावर विसंबून, त्या साक्षीवर नाही. आणि माझा विश्वास? पाप त्यांचं, पण देवावर रुसले मी. कितीतरी रविवार नुसते ओठ हलवले. शेवटी एका बाईपाशी मोकळं बोलले. तिनं एकही वचन सांगितलं नाही, चहा टाकला. तिथून हळूहळू.

वसईकर

आम्ही कॅथलिक. पापनिवेदन (आपली पापं सांगणं) फादरच्या कानात, तिथून बाहेर जात नाही. सोपं वाटतं ना? वसईत जमिनीचे भाव चढले तेव्हा आम्ही भावांनी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली, वारसनोंदीचा कागद आहे म्हणून. आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. दरवर्षी ईस्टरच्या आधी पापनिवेदन करायचो: राग, खोटं बोलणं, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली. ही सही तेवढी वगळून.

एकदा तीही सांगितली. वाटलं, प्रायश्चित्त म्हणून पाच वेळा नमो मरियाची प्रार्थना म्हणायला लावतील. फादरनी विचारलं, "तिचा वाटा परत द्यायची तयारी आहे का? नसेल तर पश्चात्ताप कशाचा झालाय?" भाऊ ऐकेना. मी माझ्या वाट्यातून तिचे दिले. तिनं घेतले, पण बोलत नाही. नाताळचा फराळ पाठवला की ठेवून घेते, उलटा पाठवत नाही. तो तिचा हक्क आहे. आता मिस्सेला जातो तेव्हा निदान काही लपवत नसतो.

मागचा बाक, मुंबई

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, त्यांच्या बारा पायऱ्यांतली नववी सांगते: ज्यांना दुखावलंत त्यांची थेट भरपाई करा, पण त्यानं त्यांना किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर नको. दौंडच्या ताईंच्या नवऱ्याला माईक हातात घेण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझी दारू सुटली. देव अजून परत आलेला नाही. आईला चर्चला नेतो आणि मागं बसतो. पाळक हात मिळवतात, काही विचारत नाहीत, म्हणून जातो.

खजिनदार काका, त्या म्हातारीला तुम्ही वेगळं जाऊन सांगितलंत का?

जुना खजिनदार, नगर जिल्हा

सांगितलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही. पुढच्या सणाला पैसे देताना तिनं पावती मागितली. आता आमच्या मंडळीत लिलावाची पावती सगळ्यांनाच मिळते.