बँकेतून बोलतोय म्हणाला तर…

काकू (३०२): आत्ता बँकेतून फोन आला. माझ्या कार्डावर कुणीतरी मोठी खरेदी करतंय म्हणे, थांबवायची तर ओटीपी सांगा. मी 'हे आले की देते' म्हणून ठेवून दिला. नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं बरोबर सांगत होता हो.

सचिव: दिला नाहीत हे फार बरं केलंत काकू 🙏

दादा (१०४): शेवटचे चार आकडे पावतीवरही छापलेले असतात. नाव, पत्ता, जन्मतारीख फुटलेल्या डेटातून मिळते.

काकू (३०२): अरे पण नंबर बँकेचाच दिसत होता. कार्डामागे आहे तोच!

दादा (१०४): तो खोटा दाखवता येतो. मेसेजचंही तेच. पाठवणाऱ्याचं नाव तेच टाकलं की खोटा मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांखालीच येऊन बसतो.

अण्णा (५०१): मी तर अशांना उलटसुलट प्रश्न विचारून पकडतो.

ताई (२०३): अण्णा, नका हो. तुमच्या प्रश्नांची उत्तरं त्यांना पाठ असतात. मी बँकेत होते म्हणून सांगते, खरा की खोटा हे ठरवत बसायचंच नाही. फोन ठेवायचा आणि कार्डामागचा नंबर स्वतः डायल करायचा. खरंच काही असेल तर तिथे कळतंच. खरा कर्मचारी यावर चिडत नाही. 'फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका' म्हणाला की समजून जा. नंबर गूगलवरही शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर पेरलेले असतात. लँडलाइनवर आला असेल तर दुसऱ्या फोनवरून लावा. काही ठिकाणी समोरच्याने ठेवल्याशिवाय लाइन सुटत नाही.

काकू (३०२): पण ओटीपी तर खऱ्या बँकेकडूनच आला ना?

ताई (२०३): आला?? काकू, ओटीपी व्यवहार थांबवायला नसतो, पुरा करायला असतो. मेसेज नीट वाचा, रक्कम लिहिली असेल.

काकू (३०२): हो गं. रक्कम आहे. दुकानाचं नावही आहे 😳

ताई (२०३): म्हणजे तुमचा पूर्ण कार्ड नंबर त्याच्याकडे आहे. आधी कार्ड ब्लॉक करा, ग्रुप नंतर.

अण्णा (५०१): मला परवा एकाने 'तुमचं खातं बंद पडेल' म्हणून २१* आणि पुढे कुठलासा नंबर डायल करायला लावला. काही झालं नाही.

दादा (१०४): अण्णा!! त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. फोनवरून येणारा ओटीपीही. *#२१# लावून बघा, चालू असेल तर ##००२# ने सगळं रद्द होतं.

अण्णा (५०१): चालू होतं. रद्द केलं.

ताई (२०३): आता बँकेलाही कळवा, पासवर्ड बदला. आणि कुणी स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला लावलं असेल तर पहिलं इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँक.

काकू (३०२): झालं ब्लॉक. नवं कार्ड पाठवतायत. यांचं कार्ड वेगळं, ते चालू राहील म्हणाली ती मुलगी.